श्वास कापायचा नाही

“ताई, हे बघा. हा ‘अं’, हा ‘म्हणजे’, हा परत ‘म्हणजे’. तिन्ही उडवले तर चार सेकंद वाचतात. पण ही बारीकशी टेकडी दिसतेय ना, हिला हात लावायचा नाही. श्वास आहे तो.”

पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय आठच्या खोलीत आम्ही बसलो होतो. भिंतींना रजया ठोकलेल्या, खिडकीच्या फटीत जुन्या साडीचे बोळे, पंखा बंद. श्रावणातली घामट दुपार. पडद्यावर आवाजाच्या निळ्या टेकड्या डावीकडून उजवीकडे सरकत होत्या. माऊस हातात धरलेला सव्वीस वर्षांचा मुलगा नुसत्या त्या टेकड्या बघून कुठला ‘स’ आणि कुठला ‘प’ ते सांगत होता. पूर्वी तो लग्नाचे व्हिडिओ जोडायचा. “तिथं काही चुकलं की वर गाणं टाकायचं. इथं झाकायला काहीच नाही.”

मग माझ्या समाधानासाठी त्याने तो श्वास कापून दाखवला. वाक्य तेच होतं, शब्दही तेच. पण बोलणारी आजी एकदम रेल्वे स्टेशनावरच्या घोषणेसारखी ऐकू यायला लागली. त्याने घाईघाईने श्वास परत जागेवर आणून ठेवला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय दिला होता ‘ऐकणं’. “ते पॉडकास्ट वगैरे चाललंय ना, लोकांच्या खऱ्या गोष्टी आवाजातून सांगतात, ते काय असतं बघून ये,” एवढीच सूचना. या प्रकाराला मराठीत धड नाव नाही, इथपासून माझी सुरुवात झाली. आकाशवाणीतले जुने लोक ‘रूपक’ म्हणतात. नवी मुलं सरळ ‘ऑडिओ डॉक्युमेंटरी’ म्हणतात. कुणी ‘श्राव्य माहितीपट’ असा शब्द केलाय, पण पट म्हटलं की डोळ्यांपुढे पडदा येतो, आणि इथे तर तो नसण्यातच सगळी मजा. मी आपली ‘रूपका’वर खूश आहे.

महिनाभर कानांना हेडफोन लावून जगभरातली जुनीनवी रूपकं ऐकली. एक रेकॉर्डर उसना घेतला आणि मुळशीच्या डोंगरात जाऊन स्वतःही एक करून बघितलं. ते कसं फसलं ते पुढे येईलच. पण ऐकताना एक प्रश्न सारखा टोचत राहिला. आवाज त्या माणसाचा असतो, हे खरं. कात्री कुणाच्या हातात असते?

सात टनांची गाडी

साधा माणूस रेडिओवर स्वतःच्या तोंडाने बोलतो, हे आज कुणाला विशेष वाटत नाही. पण १९३० च्या दशकात बीबीसीवर कामगार बोलायचा तो बहुधा कागदावरून. कार्यक्रम करणारा त्याला भेटून यायचा, टिपणं काढायचा, त्यावरून संहिता लिहायचा. मग त्या माणसाला स्टुडिओत बोलावून त्याचंच बोलणं त्याच्याकडून वाचून घ्यायचे, नाहीतर एखादा नट ते वाचायचा. थेट प्रसारणात माणूस भलतंच काही बोलून गेला तर, ही धास्ती होती. यंत्रांचीही अडचण होती.

मँचेस्टर केंद्रातल्या ऑलिव्ह शॅप्ली या तरुण बाईने ही रीत मोडायला घेतली. तिच्या दिमतीला रेकॉर्डिंगची गाडी होती, २७ फूट लांब आणि भरल्यावर सात टनांहून जड. आत तबकड्या. सुई तबकडीवर खाच पाडत जायची, त्या खाचेत आवाज. ही गाडी घेऊन शॅप्ली बेघरांच्या आसऱ्यांपाशी गेली, खाणकामगारांच्या वस्त्यांत गेली. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी राहायची आणि तिथून केबल लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत जायची. १९३९ मध्ये तिने डरहॅमच्या कोळसाखाणीतल्या एका कामगाराच्या बायकोला फ्रान्समधल्या खाणगावात नेलं आणि दोन्हीकडच्या बायकांच्या संसाराचं रूपक केलं. खाणीतून काळा होऊन येणाऱ्या नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी कोण आणि कधी तापवतं, हे खाणवाल्याच्या बायकोनेच विचारावं. बीबीसीच्या बाईला तो प्रश्न सुचलाच नसता.

तबकडीची एक गोष्ट विसरू नये. ती कापता येत नाही. घेतलं ते घेतलं. कात्री आली ती युद्धानंतर, टेपबरोबर.

ब्रेक गेलेली मालगाडी

९ फेब्रुवारी १९५७. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, बक्स्टनहून निघालेल्या मालगाडीच्या इंजिनात ब्रेकला वाफ पुरवणारा पाइप फुटला. केबिनमध्ये उकळती वाफ भरली आणि ब्रेक गेले. पुढे लांबच लांब उतार. चालक जॉन ॲक्सनने आपल्या फायरमनला उडी मारायला सांगितलं, खाली उतरून डब्यांचे हातब्रेक लावायचा प्रयत्न कर म्हणाला. स्वतः मात्र वाफेतून बाहेर लटकत, सिग्नलवाल्यांना हात करत इंजिनालाच धरून राहिला. चॅपल-एन-ल-फ्रिथच्या स्टेशनात ही गाडी दुसऱ्या मालगाडीवर आदळली. त्यात ॲक्सन गेला, आणि दुसऱ्या गाडीचा गार्डही. ॲक्सनला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्रातल्या चार्ल्स पार्करने यावर कार्यक्रम करायचं ठरवलं आणि गायक-नाटककार इवन मॅकॉलला गाठलं. बेत नेहमीचाच. स्टॉकपोर्टला जाऊन ॲक्सनच्या सहकाऱ्यांशी बोलायचं, त्यावरून मॅकॉलने गाणी आणि संवाद लिहायचे, संवाद नटांनी म्हणायचे. दोघं गेले आणि चाळीसहून जास्त तासांची टेप घेऊन परतले. ऐकायला बसले आणि बेत फिसकटला. इंजिनवाल्यांच्या बोलण्यात वाफ होती, कोळसा होता, पहाटे तीनची थंडी होती. नवऱ्याविषयी बोलणाऱ्या ॲक्सनच्या विधवेचा स्वर होता. हे कुठला नट म्हणणार? मग संवाद लिहिलेच गेले नाहीत. टेपवरचं बोलणं जसंच्या तसं आणि मधे गाणी, अशी बांधणी ठरली. संगीताची जुळवाजुळव पेगी सीगरने केली. २ जुलै १९५८ रोजी ‘द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन’ प्रसारित झालं.

मी ते दोनदा ऐकलं. पहिल्यांदा वैताग आला. बँजो जरा जास्तच वाजतो, आणि आजच्या कानाला गाणी मधेमधे कडमडल्यासारखी वाटतात. दुसऱ्यांदा ऐकताना गाण्यांचं काम ध्यानात आलं. मॅकॉल त्या माणसांच्या बोलण्याची लय आणि श्वासाची लांबी पकडून चाल बांधत होता. बोलता बोलता माणूस दम घेतो आणि तिथूनच गाणं पुढे चालू लागतं. कीर्तनात बुवांचं वाक्य संपता संपता टाळकरी उचलतात, तसं.

हे सगळं दाढीच्या पात्याने केलेलं काम होतं. हातातून नेता येणाऱ्या त्या काळच्या रेकॉर्डरवर टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा श्वास जवळजवळ चार इंच लांब. टेप हाताने मागेपुढे ओढून जागा शोधायची, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टीने जोडायचं. कापलेले तुकडे गळ्यात माळेसारखे घालून बसायची काही संकलकांची सवय होती म्हणतात. रजयांच्या खोलीतल्या आमच्या मुलाला मी हे सांगितलं, तर त्याने कीबोर्डवरचं पुसायचं बटण एकदा हळूच कुरवाळलं.

अशी आठ ‘रेडिओ बॅलड्स’ झाली. त्यांतलं हेरिंग माशांच्या कोळ्यांवरचं ‘सिंगिंग द फिशिंग’ १९६० चं प्री इतालिया पारितोषिक घेऊन आलं. त्यात ऐंशी ओलांडलेला कोळी सॅम लार्नर बोलतो, गातो, आणि त्याच्या बोलण्यातलं गाणं नेमकं कुठे सुरू झालं ते कळत नाही. १९६४ मध्ये भटक्या लोकांवरचं शेवटचं बॅलड झालं आणि मालिका थांबली. फार खर्चीक, असं वरचे म्हणाले. पुढे १९७२ मध्ये पार्करला बीबीसीने घरी पाठवलं.

सकाळी काय खाल्लं?

आता माझं रूपक. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळच्या डोंगरांत रेकॉर्डिंगसाठी जाणारी मी काही पहिली नाही. तिथे फार मोठं काम आधीच झालेलं आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्व्हँ या दोघांनी पुण्यातल्या आपल्या संस्थेमार्फत १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आधी वहीत उतरवून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे अभ्यासक आले आणि शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून ‘परी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, त्या ओव्या आवाज आणि भाषांतरांसह लोकांपुढे आणल्या आहेत. जगातलं कुठलंही रूपक ऐकायच्या आधी मराठी माणसाने हे ऐकावं, असं माझं मत आहे. बोलणाऱ्या बाया आपल्या भाषेत बोलतात, म्हणून तर ऐकावंच. पण एवढी माणसं एकाच कामाविषयी, नवऱ्याविषयी, भावाविषयी, सीतेविषयी, आंबेडकरांविषयी पहाटेच्या अंधारात काय बोलत होती, याची इतकी मोठी साठवण दुसरीकडे सहसा सापडणार नाही.

मला ओव्या नको होत्या. विजेची गिरणी गावात आली त्या वर्षाची गोष्ट हवी होती. पहाटेचं दळण गेलं, मग ती वेळ गेली कुठे? बायकांना दोन तास झोप मिळाली, की दुसरं काम मागे लागलं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, मी एका आजींच्या ओसरीवर बसले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नेमकं त्यांनाही ठाऊक नाही. निघण्यापूर्वी एका अनुभवी ध्वनिमुद्रकाने चार गोष्टी पढवल्या होत्या. माइक तोंडापासून वीतभर लांब, समोर नको, जरा कडेला. फ्रिज बंद करायचा, आणि आपल्या घराच्या किल्ल्या त्यात ठेवायच्या, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायला विसरणार नाही. समोरचा बोलताना ‘हं, हं’ करायचं नाही, नुसती मान हलवायची. आणि सुरुवातीला आवाजाची पातळी बघायला विचारायचं, सकाळी काय खाल्लं?

ही शेवटची युक्ती जगभर चालते, आणि उत्तर रूपकात कधी येत नाही. आजी म्हणाल्या, “रातची भाकर व्हती. सून म्हणली खाऊ नगा, शिळी हाय. म्हणलं, मी काय ताजी हाय का?” मी मनातल्या मनात हसले आणि नियमाप्रमाणे मान हलवली.

मग आजी तासभर बोलल्या. गिरणी सुरू झाली त्या दिवशी गावातल्या बाया नुसत्या बघायला गेल्या. सासूने वर्षभर गिरणीचं पीठ खाल्लं नाही, ते जळकं लागतं म्हणून. आणि मग, मी न विचारता, त्या म्हणाल्या की जात्यावर बसल्यावर जे बोलता यायचं ते नंतर कुठेच बोलता आलं नाही. तिथे त्या थांबल्या. बराच वेळ. बाहेर कोंबडी कुरकुरत होती. मी हललेही नाही. मला वाटलं, मिळालं. याच्यासाठीच आले होते.

रेकॉर्डरवर लाल दिवा लुकलुकत होता.

ज्यांनी अशी यंत्रं हाताळली आहेत त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. बऱ्याच रेकॉर्डरवर बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, म्हणजे यंत्र तयार आहे. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो, तेव्हा कुठे ते चालू होतं. मी एकदाच दाबलं होतं. हेडफोनमध्ये सगळं ऐकू येत होतं, आकडे मात्र शून्यावर होते. भाकरीपासून त्या थांबण्यापर्यंत एक अक्षर उतरलं नव्हतं.

आजींना सांगितलं. “मघाशी सांगितलं की समदं!” म्हणाल्या. पण माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. परत बसल्या, परत सांगितलं. या खेपेला गोष्ट नीटनेटकी होती. गिरणी आली, सासू म्हणाली, पीठ जळकं. मघाशी मधेच आलेला दीर या वेळी आला नाही. जात्यापाशीचं ते वाक्यही आलं, पण त्या थांबल्या नाहीत. शेवटचा शब्द संपायच्या आत विचारलं, “आता आलं का?”

जाताना एक गोष्ट राहिली होती. जात्याचा आवाज. कोपऱ्यात जातं होतं, वर पोती रचलेली. पोती काढली. दळायला काही काढू का, म्हणून आजी उठू लागल्या. मी घाईत होते, शेवटची एसटी होती. म्हटलं, “राहू द्या हो, नुसतं फिरवा थोडं, आवाज मिळाला म्हणजे झालं.” त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि फिरवलं.

मग एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. ओसरीचा नुसता आवाज घ्यायचा. याला ‘रूम टोन’ म्हणतात. दोन वाक्यांच्या मधलं काही कापलं की तिथे आवाजाचं भोक पडतं, ते या शांततेने लिंपायचं. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, एकीचं ठिगळ दुसरीला लागत नाही. सुनेला हे भलतंच चमत्कारिक वाटलं. “बोललेलं गेलं, आन् आता गप बसलेलं घेताय व्हय?”

पाच माणसं, एक आगगाडी

कात्री किती लांब जाऊ शकते हे बघायचं तर ग्लेन गूल्डकडे जावं. कॅनडाचा हा विख्यात पियानोवादक १९६४ मध्ये जाहीर मैफली सोडून देऊन स्टुडिओत जाऊन बसला. २८ डिसेंबर १९६७ रोजी कॅनडाच्या सरकारी नभोवाणीवर त्याचं ‘द आयडिया ऑफ नॉर्थ’ हे तासाभराचं रूपक लागलं. विषय कॅनडाचा उत्तर टोकाकडचा ओसाड मुलूख. परिचारिका, समाजशास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी, मोजणीदार, अशी उत्तरेत राहून आलेली पाच माणसं. गूल्ड प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलला. पण ऐकताना वाटतं की ही सगळी एकाच आगगाडीच्या डब्यात बसून एकमेकांना उत्तरं देताहेत. खाली रुळांची धडधड अखंड, तंबोऱ्यासारखी. सुरुवातीला एक बाई बोलू लागते, तिच्यावर एक पुरुष, त्यावर आणखी एक. तिघंही एकाच वेळी. शब्द कळायचे बंद होतात आणि नुसते सूर उरतात.

कानाला हे विलक्षण लागतं. पण ऐकून संपल्यावर मी पाच जणांची यादी परत बघितली. उत्तरेवरच्या या रूपकात उत्तरेचं माणूस एकही नाही. पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्या इन्युइटांपैकी कुणाचाच आवाज नाही. बाहेरून गेलेले पाच जण उत्तरेच्या एकटेपणावर बोलतात आणि ज्यांच्या दारात ते एकटे होते ती माणसं धडधडीखाली गप्प. गूल्डला उत्तर म्हणजे एक कल्पना हवी होती, नावच तसं आहे. तरी हे मला खटकलं ते खटकलंच.

बर्लिनच्या पीटर लिओनहार्ड ब्राउनच्या १९७३ च्या ‘ग्लोकेन इन ऑयरोपा’मध्ये तर मुख्य पात्र माणूसच नाही, युरोपातल्या चर्चच्या घंटा आहेत. त्या ओततात कशा, वाजवतात कशा, आणि महायुद्धात नाझींनी देशोदेशीच्या घंटा उतरवून वितळवल्या कशा. शांततेत तोफा वितळवून घंटा, युद्धात घंटा वितळवून तोफा. धातू तोच. ब्राउनने स्टीरिओ यंत्रं घेऊन घंटाघरांत चढून हे आवाज टिपले. हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, एवढीच विनंती.

रेकॉर्डर तिच्या हातात

१९९३ मध्ये शिकागोत डेव्ह आयझे नावाच्या तरुण रेडिओवाल्याने एक साधी गोष्ट केली. शहराच्या दक्षिण भागातल्या गरीब वस्तीत राहणाऱ्या लिॲलन जोन्स आणि लॉइड न्यूमन या तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुलांच्या हातात रेकॉर्डर दिला आणि स्वतः बाजूला झाला. दहा दिवस पोरं आपलं जगणं टिपत हिंडली. घरी आजीपाशी, शाळेत, बसमध्ये, पुलावर. त्यातून ‘गेटो लाइफ १०१’ झालं. पत्रकाराला जे विचारायची लाज वाटली असती, ते मुलं आपल्याच माणसांना सरळ विचारतात. उत्तर देणाराही पत्रकाराला देतो तसं उत्तर देत नाही.

याच आयझेने २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात ‘स्टोरीकोर’ची खोली उघडली. ओळखीची दोन माणसं येतात, चाळीस मिनिटं एकमेकांशी बोलतात, ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जातं.

पण ज्या रूपकाने जेवताना माझा घास अडकला, ते दक्षिण आफ्रिकेतलं. केपटाउनलगतच्या खायेलित्शा वस्तीतली एकोणीस वर्षांची थेंबी एन्गुबाने. तिला एचआयव्ही होता. ‘रेडिओ डायरीज’ हा कार्यक्रम करणाऱ्या जो रिचमनने तिला रेकॉर्डर दिला आणि ती वर्षभर आपली डायरी बोलत राहिली. काळ असा की देशाची आरोग्यमंत्री एड्सवर लसूण आणि बीट खायचा सल्ला देत होती, आणि वस्तीत आजाराचं नाव घेतलं की माणसं दार लावून घेत. थेंबी रोज सकाळी आरशासमोर उभी राहायची आणि आपल्या अंगातल्या विषाणूशी बोलायची. ऐकताना आरसा दिसत नाही, पण ती आरशासमोर आहे हे कळतं. आवाज भिंतीवर आपटून जवळ येतो. माझ्या अंगात राहायचं तर नियम पाळावे लागतील, असा भाडेकरूला द्यावा तसा दम ती त्याला देते.

पुढे ती वडिलांना आजाराविषयी सांगते तेव्हा रेकॉर्डर चालूच आहे. बाप काही काळ बोलत नाही. तिथे कुणी काही कापलेलं नाही. एरवी इतका वेळ रेडिओ गप्प राहिला तर ऐकणारा समजतो की बंद पडला. २००६ मध्ये हे अमेरिकेच्या रेडिओवर लागलं आणि जगभर ऐकलं गेलं. २००९ मध्ये थेंबी क्षयाने गेली. लहान मुलगी मागे राहिली.

रेकॉर्डर थेंबीच्या हातात होता. जुळणी मात्र रिचमनची. हे लपवून कुणी ठेवलेलं नाही, आणि वर्षभराच्या टेपा कुणीतरी जोडायलाच हव्यात. पण ‘तिची गोष्ट तिच्या आवाजात’ असं म्हणताना जीभ जरा अडखळावी, एवढं खरं.

पटेल शॉट

कात्रीही आपल्याच हातात घेतली तर काय होतं, ते आपल्या शेजारी बघायला मिळतं. तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर हे गाव आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतल्या, म्हणजे गावोगावच्या महिला गटांतल्या, दलित शेतकरी बायकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटीच रेडिओसाठी कार्यक्रम करायला घेतले. परवाना नव्हता. मग कॅसेटी भरायच्या आणि संघमच्या बैठकांत वाजवायच्या. असं जवळजवळ दहा वर्षं चाललं. १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ हवेत गेला. बी-बियाणं, रानभाज्या, बाळंतपणं, सणांची गाणी, सगळं तिथल्या तेलुगूत. नरसम्मा नावाच्या दोघी जणी केंद्र सांभाळायच्या.

याच संघमांतल्या बायका व्हिडिओही करतात. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा तो ‘पटेल शॉट’, कारण जमीनदार पटेल असाच बघतो. खालून वर बघणारा तो वेठबिगाराचा. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून, तो ‘संघम शॉट’. सिनेमाच्या शाळेत वर्षभर शिकवतात ते या बायकांनी तीन शब्दांत बसवलं. माझ्या मनात तेव्हापासून घोळतंय की आवाजातही पटेल शॉट असतो. बोलणाऱ्याच्या वाक्यावर निवेदकाचं वाक्य चढतं तेव्हा तो येतो. ‘या भोळ्याभाबड्या माउलीला ठाऊक नव्हतं की…’ असं मधाळ आवाजात सुरू झालं की समजावं, कॅमेरा झाडावर चढला.

आपल्याकडे ही सगळी धडपड उशिरा सुरू झाली, त्याचं कारण कायद्यात आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं. तरी सामुदायिक रेडिओ आधी शैक्षणिक संस्थांनाच मिळाला आणि २००६ मध्ये कुठे स्वयंसेवी संस्थांना. ताकद शंभर वॅट, म्हणजे पाच-पंचवीस गावं. स्वतःच्या बातम्या द्यायला आजही बंदी. साताऱ्यातल्या म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ चालतं, चारा छावण्यांपासून बचत गटांपर्यंत सगळं माणदेशी बोलीत. तो मुलूख मराठी वाचकाला ठाऊक झाला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधून. माडगूळकरांची नोकरीची बहुतेक वर्षं पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात गेली, आणि त्यांचं गद्य वाचताना कानाने लिहिलेलं वाटतं ते उगाच नाही.

आता इंटरनेटमुळे परवाना लागत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत ‘सीरियल’ गाजलं आणि पॉडकास्ट हा शब्द घरोघरी गेला. मराठीतही पुष्कळ पॉडकास्ट आहेत. पण खरं सांगते, त्यांतले बहुतेक म्हणजे दोन माइक, दोन खुर्च्या आणि दीड तास गप्पा. घराबाहेर जाऊन, चिखल तुडवून, माणसांचे आवाज आणून बांधलेलं रूपक विरळा. पैसा हे कारण आहेच. तीन तासांच्या टेपेतून अकरा मिनिटं काढायला आमच्या मुलाला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत त्याने दोन लग्नं केली असती.

रिकामं जातं

तयार झालेली अकरा मिनिटं घेऊन मी श्रावणात परत मुळशीला गेले. आजींना ऐकवल्याशिवाय छापायचं नाही, वाजवायचंही नाही, असं महिनाभरच्या ऐकण्यानंतर ठरवून टाकलं होतं. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. हेडफोन त्यांच्या पदरावरून कानांना बसवले. दचकून त्यांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवले.

“ही कोण बया?”

“तुम्हीच की आजी.”

“माजा आवाज आसा नाय.” जरा वेळाने, “आईवानी हाय.”

सासूच्या पिठाशी हसल्या. जाऊबाईंविषयीचं एक वाक्य आलं तिथे हात वर केला. ते काढ म्हणाल्या, ती अजून जिती हाय. मी वहीत वेळ लिहून घेतली, चार मिनिटं बारा सेकंद. ते वाक्य मला फार आवडलं होतं, खरं तर मधला सगळा भाग त्याच्यावरच उभा होता. काढलं.

मग शेवटचं मिनिट आलं. त्यांचं बोलणं संपतं आणि खालून जात्याची घरघर हळूहळू वर येते, अशी आम्ही जुळणी केली होती. रजयांच्या खोलीत ते ऐकताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खूश झालो होतो. आजींच्या कपाळाला आठी पडली. हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिले.

“रिकामं फिरतंय ह्ये.”

मला आधी कळेना.

“दगडावर दगूड घासतोय नुस्ता. दाणं पडलं की आवाज खाली बसतो, जड व्हतो. माज्या वयाची कुनीबी बाई आयकंल तर म्हनंल, येडी झाली का म्हातारी, रिकामं जातं फिरवतीया.”

उठल्या. आतून डब्यातून ओंजळभर नाचणी आणली. सुनेला हाक मारून पोती पुन्हा काढायला लावली. जात्यापाशी बसल्या, एक पाय पुढे घेतला, खुंटा धरला आणि मुठीतले दाणे जात्याच्या तोंडात सोडले.

“हं. लाव तुजं.”

मी बटण दोनदा दाबलं. दिवा स्थिर झाला.